पुराचा इशारा मिळतो, तरी पाणी घरात का शिरतं? दोन ‘माण’ सांगतात पाण्याच्या अंदाजाची गोष्ट

७ जून २०२५, शनिवार. हिंजवडी आयटी पार्कचे व्हिडिओ त्या दिवशी तुमच्याही फोनवर आले असतील. रस्त्याचा ओढा झालेला, त्यात अडकलेल्या गाड्या, आणि पाठोपाठ ‘वॉटर पार्क’चे मीम्स.

याच आयटी पार्कचा तिसरा टप्पा मुळशी तालुक्यातल्या माण गावाच्या शिवारात आहे. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रोचं एक टोकही इथेच. त्या दिवशी कुठल्या धरणाचा दरवाजा उघडला नव्हता. जूनचा पहिला आठवडा म्हणजे धरणं तळाला गेलेली असतात. तरीही रस्त्यावर पाणी साचलं. मग अनेकांनी विचारलं, ‘हवामान खातं काय करत होतं?’

प्रश्न रास्त आहे, पण अर्धवट आहे. पाऊस किती पडणार हे सांगणं एक काम आहे आणि ते पाणी नेमकं कुठे, कधी, किती चढणार हे सांगणं दुसरं. दोन्ही कामांसाठी वेगवेगळ्या यंत्रणा आहेत. या सगळ्या यंत्रणा काय मोजतात, अंदाज कसा बांधतात आणि कुठे कमी पडतात, हे समजून घेऊ.

थोडक्यात

- मोठ्या नदीचा पूर काही तास ते काही दिवस आधी सांगता येतो.
- शहरातल्या ओढ्या-नाल्याचा पूर अनेकदा तासाभरातच येतो. त्याचा नेमका अंदाज सर्वांत अवघड.
- दुष्काळ काही महिने घेत येतो. तो दिसत असतो, पण तो ‘जाहीर’ कधी करायचा हे ठरवणं कठीण.
- म्हणून पहिला प्रश्न हा: तुमच्या घराला धोका कुठल्या पाण्याचा आहे?

दोन माण, एकच खोरं

‘माण पाऊस’ असं सर्च करून बघा. एक माण मुळशीतलं, सह्याद्रीच्या कुशीतलं. दुसरा माण सातारा जिल्ह्यातला, दहिवडी-म्हसवडचा तालुका, महाराष्ट्राच्या कायम दुष्काळी पट्ट्यातला.

२५ जुलै २०२४ ला सकाळी संपलेल्या २४ तासांत मुळशी तालुक्यातल्या ताम्हिणीत सुमारे ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. साताऱ्याच्या माण तालुक्यात अख्ख्या वर्षात साधारण इतकाच पाऊस पडतो, काही वर्षी त्याहूनही कमी. म्हणजे इथला एक दिवस आणि तिथलं एक वर्ष.

गंमत म्हणजे दोन्हीकडचं पाणी शेवटी एकाच नदीत जातं. मुळशीकडून येणारी मुळा पुण्यात मुठेला भेटते आणि मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. साताऱ्याच्या माण तालुक्यात उगम पावणारी माणगंगाही सोलापूर जिल्ह्यात भीमेलाच मिळते. त्यामुळे भीमा खोऱ्याचा अंदाज बांधणाऱ्याला एकाच वेळी पुरावरही नजर ठेवावी लागते आणि टंचाईवरही.

बातम्यांमधले तीन शब्द

मिलिमीटर: १ मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर १ लिटर पाणी. हवामान खात्याचा ‘२४ तासांचा पाऊस’ सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. ६४.५ मिमीपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’ पाऊस.

क्युसेक: एका सेकंदात एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर पाणी. धरणातला विसर्ग याच एककात सांगतात.

टीएमसी: एक हजार दशलक्ष, म्हणजे १०० कोटी घनफूट. धरणाचा साठा यात मोजतात. साधारण ११,५०० क्युसेकने पाणी सतत २४ तास वाहिलं तर एक टीएमसी होतं.

हे तीन शब्द जोडून बघू. १०० चौरस किलोमीटर घाटावर १०० मिमी पाऊस पडला आणि सगळं पाणी वाहून आलं, तर ते १ कोटी घनमीटर, म्हणजे सुमारे ०.३५ टीएमसी भरतं. खडकवासला धरणाची क्षमता आहे १.९७ टीएमसी. आता लक्षात येईल की घाटात रात्रभर पाऊस कोसळला की पुण्यातले लोक सकाळी विसर्गाचे आकडे का शोधतात.

नदीचा पूर: अंदाज कसा बांधतात?

नदी वरून खाली वाहते आणि तिला वेळ लागतो. पुराचा सगळा अंदाज याच साध्या गोष्टीवर उभा आहे. वरच्या गावात पाणी किती चढलं हे कळलं, तर खालच्या गावाला ते कधी पोहोचेल हे सांगता येतं.

त्यासाठी तीन गोष्टी लागतात. पाणलोटातला पाऊस मोजणारी पर्जन्यमापकं, नदीची पातळी आणि प्रवाह मोजणारी केंद्रं, आणि या आकड्यांवरून पुढचा हिशेब करणारं गणिती मॉडेल. केंद्रीय जल आयोगाने असा अंदाज द्यायला १९५८ मध्ये दिल्लीत यमुनेच्या जुन्या रेल्वे पुलापासून सुरुवात केली. आज देशभरात ३०० हून जास्त ठिकाणांसाठी तो दिला जातो. महाराष्ट्रात जलसंपदा विभागाने कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पाऊस, पातळी आणि धरणसाठ्याची माहिती आपोआप पाठवणारी केंद्रं उभारली आहेत.

प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणी दोन पातळ्या ठरलेल्या असतात: इशारा पातळी आणि धोका पातळी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० आणि ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथल्या लहान मुलांनाही हे आकडे पाठ असतात, कारण कुठल्या फुटाला कुठली गल्ली पाण्यात जाते हे त्यांनी पाहिलेलं असतं.

पुण्यात मुळा-मुठेचा प्रवाह बंडगार्डनला मोजतात आणि भीमेचा दौंडला. दौंडचा आकडा वाढला की उजनीत किती पाणी येणार याचा हिशेब सोलापूरकर मांडायला लागतात. शास्त्रीय मोजमाप नव्हतं तेव्हाही लोक पूर मोजतच होते. नाशिकमध्ये गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं, यावरून आजही पुराची तीव्रता सांगतात. पुण्यात ‘भिडे पूल पाण्याखाली गेला का?’ हा प्रश्न त्याच जातीचा.

मधे धरण आलं की काय होतं?

नदीवर धरण असलं की गणित बदलतं. मग खालच्या पुराचा आकडा पावसाइतकाच धरणाच्या दरवाज्यांवर ठरतो. पावसाळ्यात कुठल्या तारखेला धरण किती भरलेलं ठेवायचं याचं वेळापत्रक असतं. पण धरण चालवणाऱ्यापुढे कायम पेच असतो. धरण आधी रिकामं ठेवलं आणि पाऊस आला नाही, तर उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचं? भरून ठेवलं आणि ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, तर पाणी एकदम सोडावं लागतं.

२५ जुलै २०२४ ला पुण्याने हेच पाहिलं. घाटात प्रचंड पाऊस, शिवाजीनगरलाही २४ तासांत ११४ मिमी. खडकवासल्यातून मुठेत ३५ हजार क्युसेकच्या वर विसर्ग गेला. या वेगाने एक टीएमसी पाणी जायला आठ तासही लागत नाहीत. याच वेगाने पाणी आत येत असेल, तर खडकवासला अगदी रिकामं असलं तरी सोळा तासांत भरेल. त्यामुळे ते फार काळ पाणी धरून ठेवू शकत नाही. सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत इमारतींच्या तळमजल्यांत पाणी शिरलं. पुलाची वाडी परिसरात विजेच्या धक्क्याने तिघांचा जीव गेला. वेळेत सूचनाच मिळाली नाही, ही रहिवाशांची मुख्य तक्रार होती.

मुळशी धरणाची गोष्ट आणखी वेगळी. १९२० च्या दशकात टाटांनी वीजनिर्मितीसाठी बांधलेलं हे धरण. ज्याच्या विरोधात सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तेच. याचं पाणी एरवी पश्चिमेला कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे जातं. धरण भरलं की मात्र जादा पाणी मुळेत सोडतात आणि ते पौड, बालेवाडी, वाकड करत पुण्याकडे येतं. माणच्या आसपास मुळेकाठी राहणाऱ्यांनी म्हणून खडकवासल्यापेक्षा मुळशीच्या विसर्गाकडे लक्ष द्यायला हवं. बातम्यांत खडकवासला जास्त गाजतं, पण त्याचं पाणी मुठेत जातं. मुळेकाठच्या सोसायटीने मुठेचा आकडा बघून निर्धास्त राहणं चूक ठरू शकतं.

ओढ्याचा पूर: इथे अंदाज का अडखळतो?

आता पुन्हा हिंजवडी-माणच्या रस्त्यावर येऊ. इथे अडचण नदीची नव्हती.

समजा, दहा हेक्टरचा एक कॅम्पस आहे. तासाभरात ५० मिमी पाऊस पडला, तर त्या जागेवर ५० लाख लिटर पाणी पडतं. म्हणजे दहा हजार लिटरचे ५०० टँकर. या पट्ट्यातल्या सोसायट्यांना टँकरचा हिशेब समजावून सांगायची गरज नाही. पूर्वी इथे भातखाचरं होती, तेव्हा त्यातलं बरंच पाणी मुरायचं किंवा बांधाआड थांबायचं. काँक्रीट आणि डांबरावर ते थांबत नाही, जवळजवळ सगळं काही मिनिटांत रस्त्यावर येतं. पुढे ओढ्याची वाटच अरुंद झालेली किंवा अडलेली असेल, तर ते रस्त्यालाच ओढा करतं. जून २०२५ नंतर या भागातले नैसर्गिक प्रवाह बांधकामांनी अडल्याचा मुद्दा ऐरणीवर आला, तो याचमुळे.

ओढ्याच्या पुरात हाताशी वेळ फार कमी असतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात आणि त्या रात्रीच्या पावसात वीसहून जास्त माणसं दगावली. रात्रीची वेळ, अरुंद ओढा आणि काठाला खेटून वस्ती, त्यामुळे लोकांना बाहेर पडायलाही सवड मिळाली नाही.

अशा पावसासाठी डॉप्लर रडार लागतं. ते रेडिओ लहरी सोडतं, त्या ढगातल्या थेंबांवर आपटून परत येतात, आणि त्यावरून पाऊस किती दाट आहे, कुठे सरकतोय हे कळतं. त्याच्या आधारे हवामान खातं पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज देतं. अडचण अशी की डोंगर आडवे आले की रडारला पलीकडचे खालचे ढग नीट दिसत नाहीत, आणि पुण्याच्या पश्चिमेला तर सह्याद्रीच उभा आहे.

शिवाय रडार फक्त पावसाचं सांगणार. त्यातून कुठल्या चौकात किती फूट पाणी येईल हे सांगायचं, तर गटारांचे, ओढ्यांचे आणि उंच-सखल भागांचे ताजे नकाशे हवेत. मुंबईने २६ जुलै २००५ ला सांताक्रूझचा ९४४ मिमी पाऊस सोसला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, जून २०२० मध्ये, तिथे ‘आयफ्लोज’ ही यंत्रणा सुरू झाली. ती पाऊस, नद्या, भरती-ओहोटी आणि शहराची रचना एकत्र करून वॉर्डनिहाय पुराचा अंदाज देते. झपाट्याने वाढणाऱ्या उपनगरांत नकाशा दरवर्षी बदलतो. कालचा ओढा आज भिंतीआड गेलेला असेल, तर उत्तम मॉडेलही चुकीचंच उत्तर देणार.

यलो, ऑरेंज, रेड: रंग काय सांगतात?

- हिरवा: विशेष काही करायची गरज नाही.
- पिवळा: लक्ष ठेवा, माहिती घेत राहा.
- नारिंगी: तयारीत राहा.
- लाल: कृती करा, यंत्रणांनी आणि लोकांनीही.

रंग फक्त पावसाच्या आकड्यावरून ठरत नाही, त्या पावसाने काय परिणाम होऊ शकतो हेही त्यात धरतात. इथे एक मेख आहे. इशारा बहुतेकदा जिल्ह्यापुरता असतो, आणि पुणे जिल्ह्यात ताम्हिणीही येते आणि इंदापूरही. म्हणून हवामान खातं पुण्याच्या घाट भागाचा इशारा वेगळा देतं. ‘पुण्यात रेड अलर्ट’ असा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी तो घाटाचा आहे का, हे बघा. तुमच्याकडे ऊन असलं म्हणून इशारा फसला, असंही नाही. घाटातल्या पावसाचं पाणी काही तासांनी तुमच्या पुलाखाली येणार असतं.

निळी रेषा, लाल रेषा आणि तुमचं गृहकर्ज

नदीकाठी फ्लॅट बघताना ‘पूररेषा’ हा शब्द ऐकला असेल. महाराष्ट्रात निळी पूररेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे २०१९ ला आला, आता थेट २११९ ला येणार, असं नव्हे. त्याचा अर्थ, दरवर्षी असा पूर येण्याची शक्यता १ टक्का. वीस वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत तो एकदा तरी येण्याची शक्यता होते सुमारे १८ टक्के. निळ्या रेषेच्या पुराची दरवर्षीची शक्यता ४ टक्के, आणि वीस वर्षांत ती ५५ टक्क्यांच्या वर जाते. नाणेफेकीपेक्षा जास्त! आणि हे गणित जुन्या पावसाच्या नोंदींवरचं आहे. पाऊस बदलत असेल आणि नदीचं पात्र भरावाने अरुंद होत असेल, तर रेषाही पुन्हा आखाव्या लागतात.

दुष्काळ: सगळ्यांत संथ आपत्ती

आता साताऱ्याच्या माणमध्ये जाऊ. दुष्काळाचा व्हिडिओ व्हायरल होत नाही, कारण तो एका दिवसात येतच नाही. पाऊस लांबतो, पीक सुकतं, विहीर तळ गाठते, मग टँकर आणि चारा छावणी. २०१८ चा पाऊस हुकल्यावर म्हसवडला २०१९ च्या जानेवारीतच चारा छावणी सुरू झाली होती, उन्हाळा लागायच्या कितीतरी आधी.

पूर्वी दुष्काळ मुख्यतः ‘पैसेवारी’वर ठरायचा, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं यावर. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेपासून पद्धत बदलली. आता टप्प्याटप्प्याने पाहतात:

- पाऊस: सरासरीच्या तुलनेत तूट किती, आणि सलग तीन-चार आठवड्यांचा खंड पडला का.
- पीक: उपग्रहातून हिरवेपणा मोजतात. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जास्त परावर्तित करतं, सुकलेलं कमी. पेरणीचं क्षेत्रही बघतात.
- माती आणि पाणी: जमिनीतली ओल, धरणसाठा आणि भूजल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते.
- शिवारफेरी: निकषांत बसलेल्या तालुक्यातल्या दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पिकांची पाहणी.

या सगळ्यातून दुष्काळ ‘मध्यम’ की ‘गंभीर’ हे ठरतं. २०२३ मध्ये राज्याने आधी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात पुणे जिल्ह्यातले शिरूर, दौंड, पुरंदर, बारामती आणि इंदापूर होते. पण तालुक्याची सरासरी गावाचं दुःख लपवते. एका मंडळात बरा पाऊस झाला की शेजारचं कोरडं मंडळ हिशेबात बुडून जातं. तक्रारी वाढल्यावर हजाराहून जास्त महसुली मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर करावी लागली. मंडळनिहाय पाऊस मोजणाऱ्या ‘महावेध’च्या स्वयंचलित केंद्रांचं महत्त्व इथे कळतं. मोजणी जितकी बारीक, तितकी मदत योग्य ठिकाणी जाते.

नवं काय आलंय?

पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ विकसित केली. ती २६ मे २०२५ ला सुरू झाली. आधीचं मॉडेल १२ किलोमीटरच्या चौकटीत हिशेब करायचं, हे ६ किलोमीटरच्या. म्हणजे घाट आणि पठार यांच्यातला फरक ते जास्त नीट पाहू शकतं. त्यासाठी लागणारा ‘अर्क’ हा महासंगणकही पुण्यातच आहे.

उपग्रहांतही फरक पडलाय. साध्या कॅमेऱ्याला ढगांमुळे पुराचं पाणी दिसत नाही. रडार बसवलेल्या उपग्रहांना ढगांतून आणि रात्रीही दिसतं, त्यामुळे किती क्षेत्र पाण्याखाली आहे याचे नकाशे लवकर हाती येतात. गूगलचं ‘फ्लड हब’ एआयच्या मदतीने नद्यांच्या पुराचा सात दिवस आधीपर्यंतचा अंदाज देतं. केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ हे ॲप २०२३ पासून आहे.

पण एकता नगरीचा धडा विसरून चालणार नाही. अंदाज, विसर्गाचा निर्णय, महापालिकेला निरोप, वॉर्डातला भोंगा आणि तळमजल्यावरच्या आजींच्या दारावरची थाप, या साखळीतली एक कडी तुटली तरी आधीच्या सगळ्या गणिताचा उपयोग शून्य. ‘३५ हजार क्युसेक सोडले’ हा मेसेज बहुतेकांना काहीच सांगत नाही. ‘दोन तासांत तुमच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी येईल’ हे सांगितलं, तर माणूस उठून गाडी हलवतो.

तुम्ही आजच काय करू शकता?

१. तुमच्या घराच्या वरच्या बाजूला कुठली नदी आणि कुठलं धरण आहे, हे शोधा. माण-बालेवाडी-वाकडला मुळा आणि मुळशी, सिंहगड रस्त्याला मुठा आणि खडकवासला.

२. सोसायटीतल्या जुन्या रहिवाशांना विचारा, मागच्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं आणि तेव्हा विसर्ग किती होता. ती खूण भिंतीवर रंगवून ठेवा. तुमची स्वतःची धोका पातळी तयार!

३. घराजवळचा ओढा मेमध्येच बघून या. तो अडला असेल तर फोटोसह तक्रार करा, जुलैत उशीर झालेला असतो.

४. ‘सचेत’, ‘मौसम’ आणि ‘फ्लडवॉच इंडिया’ ही सरकारी ॲप्स ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेला विसर्गाचा आकडा तारीख आणि वेळ बघितल्याशिवाय पुढे पाठवू नका.

५. पाणी चढायला लागलं की आधी मुख्य वीजपुरवठा बंद करा. तळघरातली गाडी काढायला पाण्यात उतरू नका. मदतीसाठी ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७.

६. गावाकडे शेती असेल, तर मंडळाच्या पावसाची नोंद स्वतःही ठेवा. टंचाईच्या वर्षी दाद मागताना तीच वही उपयोगी पडते.

पुढच्या पावसाळ्यातही व्हिडिओ येतीलच. त्या दिवशी ‘हवामान खातं काय करत होतं?’ याच्या सोबत आणखी दोन प्रश्न विचारा: इशारा कोणाकडे येऊन थांबला? आणि ओढ्याची वाट कोणी अडवली?